पानांआडची ओ

१

गल्लीत त्यांना सगळे ‘दातवाले’ म्हणत. दवाखाना त्यांचा नव्हता. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि घराच्या पुढच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवून द्यायचे. मेण, प्लास्टर, हिरड्यांचा गुलाबी मसाला आणि बारीक कानशी, यांत उभी हयात गेली. कवळी नीट बसली की नाही हे त्यांना तोंडात डोकावून बघावं लागत नसे. माणसाला समोर बसवायचे, “साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणा” म्हणायचे आणि डोळे मिटून ‘स’ कुठं फुसका निघतो ते ऐकायचे. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं. स्वतःचं हसू मात्र बायको गेल्यापासून कुठं ठेवलंय ते त्यांना आठवत नव्हतं.

हात कापायला लागले तसं काम सुटलं. आता दिवस म्हणजे सकाळचा चहा, रेडिओ, पेपर, एका माणसाचा स्वयंपाक आणि एका माणसाची भांडी. ती घासून पालथी घातली की दुपार सुरू व्हायची आणि ती काही केल्या संपायची नाही.

स्वयंपाकघराचं दार मागच्या अंगणात उघडायचं. अंगण कसलं, एक पायरी, पायरीखाली धुण्याचा दगड, पुढं मातीचा चौकोन आणि चार ढांगांवर गळ्याएवढी भिंत. भिंतीत एक छोटं लोखंडी फाटक होतं. ते दातवाल्यांच्या बायकोनं आणि भिंतीपलीकडच्या बाईंनी मिळून करून घेतलेलं. दोघी मैत्रिणी. विरजणापासून औषधाच्या गोळ्यांपर्यंत सगळं त्या फाटकातून जा-ये करायचं.

त्या बाईंना घरात ‘मागच्या वहिनी’ म्हणत. बसस्थानकावर सूचना द्यायची नोकरी त्यांनी निवृत्त होईपर्यंत केली. अमुक गाडी तमुक फलाटावर लागेल, हे त्यांच्या तोंडून साऱ्या गावानं ऐकलेलं. आवाज असा खणखणीत की लाउडस्पीकर नुसता नावाला. दातवाल्यांची बायको लाडानं त्यांना ‘आपला भोंगा’ म्हणायची.

बायको गेली, पण भोंगा वाजायचा राहिला नाही. रोज दुपारी भिंतीवरून वहिनींचं डोकं वर यायचं.

“दातवाले, जेवलात का?”

“हो हो, जेवलो,” दातवाले आतूनच ओरडायचे.

जेवलेले असोत नसोत, उत्तर एकच. वहिनींच्या प्रश्नात खोट नव्हती. पण त्या शेवटच्या ‘का’मध्ये एक कीव असायची आणि ती त्यांच्या कानाला खुपायची. ज्या कानानं जन्मभर लोकांचे ‘स’ तपासले, त्याला हा ‘का’ कसा चुकणार?

२

परगावी असलेल्या मुलीनं फोनवर एक चित्रफीत पाठवली. “बाबा, हे बघा. तुमच्या अंगणाएवढ्याच जागेत यांनी अख्खं जंगल केलंय. तुम्हाला काहीतरी उद्योग होईल.”

दातवाल्यांनी ती बघितली, परत बघितली. उष्ण, दमट प्रदेशांत असते तशी दाट बाग परसात कशी करायची ते एक माणूस दाखवत होता. मोठ्या पानांची झाडं पुढं, उंच झाडं मागं, मधे नेचे आणि वेली. सगळ्यात महत्त्वाचं त्यानं शेवटी सांगितलं: भिंत दिसता कामा नये. जागा कुठं संपते ते डोळ्याला कळलं नाही की लहान अंगणसुद्धा अथांग वाटतं.

भिंत दिसता कामा नये, हे वाक्य दातवाल्यांच्या मनात रुतून बसलं. भिंत दिसणार नाही म्हणजे भिंतीवरचं डोकंही दिसणार नाही.

गावाबाहेरच्या नर्सरीत ते दुसऱ्याच दिवशी गेले. नर्सरीवाला बोलघेवडा होता.

“काका, गुलाब न्या. शेवंती न्या. या वयात जंगल कशाला?”

“या वयात वनवासच असतो. निदान वन तरी असू दे.”

नर्सरीवाला खो खो हसला आणि मग मन लावून त्यानं झाडं काढून दिली. केळी, लाल-पिवळ्या चोचीच्या फुलांची हेलिकोनिया, कर्दळ, हत्तीच्या कानाएवढ्या पानांचा शोभेचा अळू, बुटके पाम, नेच्यांच्या कुंड्या आणि भिंतीलगत लावायला पिवळा बांबू.

“हवा दमट ठेवा,” तो म्हणाला. “बारीक फवारे बसवा. यांना कडक ऊन नको, दमट सावली पाहिजे. आणि एक सांगतो, एकदा पकड घेतली ना, की ही झाडं कोणाच्या बापाला ऐकत नाहीत.”

दातवाल्यांनी मातीत शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळला. कापऱ्या हातांनी एकेक रोप साच्यात दात बसवावा तसं बेतून लावलं. बांबू मात्र त्यांनी फाटकासमोर जरा जास्तच दाट लावला. फाटक उघडतं वहिनींच्या बाजूला, तेव्हा अडचण कोणाचीच नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

“अहो, हे काय चाललंय?” वहिनींनी भिंतीवरून विचारलं.

“बाग करतोय.”

“छान, छान. करा. तिला आवडलं असतं.”

 दातवाले पाचोळा पसरत राहिले.

३

बागेनं पकड घेतली. नर्सरीवाला म्हणाला होता त्याच्याही वर घेतली. केळी छपराच्या वर गेली, अळूची पानं एकमेकांवर रेलली, बांबूनं भिंत गिळली. दातवाल्यांनी बागेत पायवाटेला चपटे दगड टाकले, पायरीवर वेताची खुर्ची आणून ठेवली. दुपारी फवारे सोडले की पानापानावरून पाणी टपटपायचं आणि हिरवा, ओला, मातकट वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. फोनवर त्यांनी मुलीला बाग दाखवली.

“बाबा! अहो हे आपलंच अंगण? किती आत आत जातंय!”

“युक्ती असते गं ती. नजरेला फसवायचं,” ते फुशारून म्हणाले. पुष्कळ महिन्यांनी ते फुशारले होते.

वहिनींचं डोकं आता दिसत नव्हतं. आवाज मात्र यायचा.

“दातवाले, जेवलात का?”

“हो हो, जेवलो.”

एके दुपारी हे असंच झालं आणि दातवाले खुर्चीत जरा सरळ बसले. आवाज वहिनींचाच होता. पण तो चार ढांगांवरून आला नव्हता. मैदानाच्या पलीकडच्या टोकाहून कोणी हाक मारावी, तसा तो लांबून, वाऱ्यानं थोडा पातळ होऊन आला होता.

त्यांनी नर्सरीवाल्याला फोन केला.

“पानं आवाज पितात काका. रस्त्याचा गोंगाट अडवायला लोक मुद्दाम बांबू लावतात.”

हे पटण्यासारखं होतं. दातवाल्यांनी पटवून घेतलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या कानातून जाईना. भिंतीनं अडलेला आवाज दबका होतो, त्याची धार जाते. तोंडात कापूस धरून बोललेल्या माणसासारखा येतो. हा आवाज दबका नव्हता. त्याचा प्रत्येक ‘ज’, प्रत्येक ‘त’ स्वच्छ होता. तो नुसता दूर होता.

पुढं काही दिवसांनी वहिनीच म्हणाल्या, “अहो, तुम्ही हल्ली कुठून बोलता? पुढच्या रस्त्यावर उभे असता का?”

“इथंच आहे, पायरीवर.”

“काय म्हणालात?”

“पायरीवर!” ते ओरडले.

“काही ऐकू येत नाही हो,” वहिनी म्हणाल्या.  खरं तर हेच दातवाल्यांना पाहिजे होतं. तरीही ते पायरीवर बसून राहिले, पाणी थेंबथेंब गळायचं थांबलं तरी.

४

बांबूच्या बुडाशी कसलंतरी पिवळट पान कुजताना त्यांना दिसलं, म्हणून ते आत शिरले. दगडांच्या वाटेवरून गेले, अळू बाजूला सारला, पामच्या खालून वाकून बांबूपाशी पोचले. कुजकं पान उचललं. उठताना तोल गेला, तेव्हा आधाराला म्हणून त्यांनी बांबूमधून हात पलीकडं घातला, भिंतीवर टेकायला.

हाताला भिंत लागली नाही.

त्यांनी हात आणखी आत घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल बांबूला टेकला. बोटांच्या टोकांना पानं लागत होती. थंड, जाड, ओली पानं. अळूची असावीत. पण बांबूच्या पलीकडं त्यांनी अळू लावला नव्हता. पलीकडं लावायला जागाच नव्हती. रोपं लावताना फावडं पुन्हा पुन्हा भिंतीवर आपटलं होतं, त्याचा खणखण आवाज त्यांच्या चांगला लक्षात होता.

‘वाकडं घुसलो असेन,’ ते मनाशी म्हणाले. ‘कोपऱ्याकडं.’ पण अंगणाला कोपरे होते ते भिंतीचेच.

त्यांनी हात सावकाश काढून घेतला. मनगटावर पाण्याचे बारीक थेंब होते. त्या दिवशी फवारे सुरू केलेले नव्हते.

परत फिरून पायरीपर्यंत यायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही. अंगण तेवढंच होतं. पायरीवरून बघितलं तर केळीच्या पानांच्या फटीतून भिंतीचा एक पांढरट तुकडासुद्धा दिसला. किंवा दिसल्यासारखा वाटला. चष्मा पुसून बघावं तर पान हललेलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. सांगावं का? पण काय सांगणार? आपल्याच अंगणात आपल्याला भिंत सापडली नाही? ती रजा टाकून धावत येईल, डॉक्टरकडं नेईल, मग हळूच म्हणेल, “बाबा, तुम्ही माझ्याकडंच चला.” त्यांनी तिला सांगितलं, हेलिकोनियाला नवं फूल आलंय.

५

त्यानंतर दातवाल्यांचा मागं बसण्यातला जीव गेला. दुपारी हाक यायची आणि ते आतूनच ओ द्यायचे. हाक दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. एकदा तर रेडिओ बंद करून कान दिल्यावर ती ऐकू आली.

मग एक दिवस वहिनींची हाक नेहमीसारखी प्रश्नाची आली नाही.

“दातवाले! मी येतेय हो तिकडं. भाजी केलीय, गरम आहे. फाटकातून येते.”

“नको!” दातवाले ताडकन उठले. “वहिनी, फाटकातून नको. पुढून या, रस्त्यानं!”

“आले, आले,” दुरून उत्तर आलं. फाटकाची कडी वाजली. गंजलेली बिजागरी किरकिरली. मग बांबू सळसळले.

दातवाले दारात उभे राहिले. इतका वेळ तर रस्त्यानं वळसा घालून यायलाही लागत नाही. सळसळ चालू होती, थांबत होती, पुन्हा चालू होत होती. कुठं तरी एक पान मोडलं.

“वहिनी?”

“आले, आले.” आवाज हसतमुख होता, थोडी धाप लागलेला. “किती वाढवलंय हो तुम्ही! वाटच सापडत नाही.”

आवाज मघापेक्षा लांब होता.

 दातवाले दगडांच्या वाटेवर एक पाऊल टाकून थांबले. आत शिरावं, तर आपणही... पुढचा विचार त्यांनी पुरा केला नाही. ते वळले, घरातून पुढच्या दारानं बाहेर पडले आणि चपला न घालता गल्लीला वळसा घालून वहिनींच्या घराकडं धावत सुटले. उन्हानं रस्ता तापला होता. दुकानाच्या सावलीत बसलेलं कोणीतरी म्हणालं, “काय दातवाले, आज शर्यत का?” एरवी त्यांनी एखादी कोटी केली असती.

वहिनींचं पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंखा फिरत होता. स्वयंपाकघरात ओट्यावर भाजीची कढई, तिच्यावर झाकण, बाजूला ओला चमचा. मागचं दार उघडं. वहिनींचं अंगण स्वच्छ झाडलेलं आणि त्याच्या टोकाला भिंतीतलं फाटक सताड उघडं. त्या चौकटीत काठोकाठ हिरवं दाटलेलं होतं.

६

फाटकात उभं राहून दातवाल्यांनी हाक मारली.

“वहिनी! मी इकडं आहे. तुमच्या फाटकात. मागं फिरा!”

“मागं?” खूप आतून उत्तर आलं. “अहो, मागं कुठं? पुढं आहात की तुम्ही. आत्ता तर ओ दिलीत.”

“मी नाही दिली!”

“काहीतरीच. थांबा, आले.”

दातवाल्यांनी श्वास रोखला. पानांवरून थेंब पडत होते. आणि मग, वहिनींच्या आवाजाच्याही पलीकडून, जिथं त्यांचं घर असायला हवं होतं त्याच्याही खूप पलीकडून, एक आवाज आला.

“हो हो, जेवलो.”

हा आवाज कोणाचा ते कळायला त्यांना एक क्षण लागला. आपला आवाज आपल्याला सहसा बाहेरून ऐकू येत नाही. पण स्वतःच्या तोंडातल्या वरच्या कवळीमुळं ‘च’-‘ज’ला लागणारी ती शीळ त्यांच्याच हातची होती. ती घालवायला त्यांनी किती वेळा कानस चालवली होती.

“हो हो, जेवलो,” तो पुन्हा म्हणाला. अगदी तशाच सुरात, थोडं वैतागून, जागचं न उठता.

“हां, तिकडं का?” वहिनी म्हणाल्या, आणि सळसळ त्या दिशेला निघाली.

“वहिनी, तो मी नव्हे! जाऊ नका!”

“हो हो, जेवलो.”

दातवाले ओरडले की तो ओरडत होता. त्यांचे शब्द आणि त्याचे शब्द पानांत एकमेकांत मिसळत होते आणि वहिनींना दोन्हींतलं जवळचं कुठलं ते कळत नसावं. त्यांची ‘आले, आले’ आता इतकी बारीक झाली होती की पाण्याच्या थेंबांतून ती वेगळी काढावी लागत होती.

दातवाले गप्प झाले. घाबरून नव्हे, त्यांचं जुनं डोकं चालायला लागलं होतं. तो तेवढंच बोलत होता. बायको गेल्यापासून त्या अंगणात त्यांनी स्वतः जे रोज फेकलं होतं, तेवढंच. दुसरं त्याला काही मिळालेलंच नव्हतं. मग जे आपण तिथं कधीच बोललो नाही, ते त्याला कसं येईल?

ते काय ते दातवाल्यांना शोधावं लागलं नाही. ते केव्हाचं घशाशी येऊन बसलं होतं.

“वहिनी,” ते म्हणाले. ओरडले नाहीत, तरी आवाज फाटला. “नाही जेवलो मी. आज नाही, कालही नाही. एकट्याला घास उतरत नाही. घर खायला उठतं हो. ती गेल्यापासून तुमच्याशिवाय मला कोणी विचारलं नाही, आणि मी तुमच्याच तोंडावर बांबू लावले. या, वहिनी. मला भूक लागलीय.”

आत सगळं थांबलं. थेंबसुद्धा.

मग पुष्कळ वेळानं, आधी लांब, मग जवळ, पानं हलू लागली. कोणी बोलत नव्हतं. बांबू दुभंगले आणि त्यांतून आधी एक हात आला, वाटी घट्ट धरलेला. दातवाल्यांनी वाटी सांडू दिली आणि मनगट पकडून वहिनींना अंगणात ओढून घेतलं.

वहिनींच्या पायांना घोट्यापर्यंत काळा चिखल लागला होता. केसांत पानांचे तुकडे होते. त्यांनी दातवाल्यांकडं बघितलं, तोंड उघडलं, ओठ हलवले.

आवाज आला नाही.

७

डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, कुठं सूज नाही, गाठ नाही. धक्का बसलाय. बोलतील हळूहळू.

वहिनींचा मुलगा दुसऱ्या गावाहून आला. भला माणूस, त्यानं दातवाल्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग फाटकातून बागेत शिरला. दातवाले जागेवरून “अरे, नको” म्हणेपर्यंत तो चार ढांगांत पायरीपर्यंत जाऊन परतही आला. जाता-येता त्यानं भिंतीवर थाप मारली. भिंत होती.

“काका, इथं हरवायला जागा तरी कुठं आहे?” तो हळुवारपणे म्हणाला. “आईला चक्कर आली असेल. तुम्हीही घाबरलात.”

“असेल,” दातवाले म्हणाले.

वहिनी खुर्चीत बसून दोघांकडं बघत होत्या. मुलगा म्हणाला, माझ्याकडं चल. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मुलानं हात जोडले, मग रागावून बघितलं. त्यांनी मान हलवली ती हलवलीच.

दातवाल्यांनी बाग काढून टाकली. नर्सरीवाला माणसं घेऊन आला तेव्हा त्याचा जीव तुटत होता. “काका, पोटच्या पोरासारखी वाढलीत की हो!” पण त्यानं केळी तोडली, अळूचे कंद उपटले आणि बांबूची बेटं मुळांसकट खणून काढली. फवाऱ्यांच्या नळ्या गुंडाळून नेल्या. उरला तो मातीचा उघडा चौकोन, आणि त्याच्यामागं सगळीच्या सगळी दिसणारी भिंत.

आता वहिनी रोज दुपारी फाटकातून यायच्या. उघड्या मातीवरून चालत, पायरी चढून स्वयंपाकघरात. टेबलावर दोन ताटं मांडली जायची. दातवाले बोलायचे: भाजीत मीठ कमी का झालं, मुलगी काय म्हणाली, कोणाच्या कवळीनं ऐन लग्नात कसा दगा दिला. वहिनी हसायच्या. हसण्याचा आवाज नव्हता, पण खांदे हलायचे. दातवाल्यांना दोन घास जास्त जायचे. ज्या आवाजापासून पळण्यासाठी एवढं रान माजवलं, तो ऐकायला आपण आता काहीही देऊ, असं त्यांना जेवताना वाटायचं. मग ते पाणी प्यायचे आणि दुसरं काहीतरी बोलायचे.

वहिनी रात्री कशा राहतात, एकट्या घरात, आवाजाशिवाय, हे त्यांनी एकदा विचारलं. वहिनींनी बोटानं स्वतःचा कान दाखवला. मग मागच्या दाराकडं बोट केलं.

दातवाल्यांना तेव्हा अर्थ लागला नाही.

८

तो लागला एका दुपारी, जेवणं आटोपल्यावर. रेडिओवरचं गाणं संपून दुसरं लागायच्या मधे, उघड्या दारातून ऐकू आलं:

“आले, आले.”

हातातला पेला दातवाल्यांनी टेबलावर ठेवला. वहिनी त्यांच्यासमोर बसल्या होत्या, ओठ मिटून. आणि बाहेर, कोरड्या उन्हात, जिथं आता एक पानही नव्हतं, त्या अंगणातून त्यांचाच आवाज येत होता. लांबून. थोडी धाप लागलेला, हसतमुख.

वहिनींनी मान डोलावली. म्हणजे, हो, तुम्हालाही ऐकू आलं तर.

“तुमचा आवाज आतच राहिला,” दातवाले पुटपुटले. “अजून चालतोय.”

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

दातवाल्यांना त्यांची दया आली. ही कीव नव्हती. ते दारात जाऊन उभे राहिले आणि सांभाळून, स्पष्ट म्हणाले, “इकडं, वहिनी. इकडं या.” मग ते रोज तसं म्हणू लागले. आवाज खरंच जवळ येऊ लागला. आधी मैदानापलीकडून, मग गल्लीच्या टोकावरून यावा तसा. दातवाले वहिनींना म्हणायचे, “येतोय हो, येतोय. थोडा धीर धरा.” जणू लांबच्या गाडीची वाट बघत दोघं फलाटावर बसली होती.

वहिनी मात्र दिवसेंदिवस दाराकडं पाठ करून बसायला लागल्या.

मग ते ऐकू आलं. अंगणाच्या टोकाहून, धुण्याच्या दगडाहून जरा पलीकडून यावं इतकं जवळ.

“दातवाले, जेवलात का?”

आणि त्या आवाजाशेजारून लगेच, तितक्याच जवळून, बारीक शीळ लागलेल्या आवाजात:

“नाही जेवलो. एकट्याला घास उतरत नाही.”

“आले, आले.”

“या. मला भूक लागलीय.”

आवाज दोन होते. ते बरोबर चालत होते. दातवाल्यांनी फाटकात उभं राहून जे दिलं, ते त्यानं घेतलं होतं, आणि पायरीवरून ते रोज जे देत होते तेही. “इकडं या,” तो म्हणाला, अगदी मायेनं. त्याला शब्द थोडेच मिळाले होते, पण ते तो आलटून पालटून इतके सहज वापरत होता, की एखाद्याला वाटावं, जुने शेजारी आहेत, निवांत बोलत येताहेत. दातवाले आणि वहिनी इतक्या वर्षांत एकमेकांशी कधी असे बोलले नव्हते.

दातवाल्यांनी दारातून बाहेर बघितलं. ऊन, माती, भिंत, बंद फाटक. आणि दगडाजवळच्या कोरड्या मातीवर, बघता बघता ओलसर होत जाणारा एक डाग. मग त्याच्या अलीकडं दुसरा.

ते मागं सरकले. दार लावायला हात पुढं केला, पण तो इतका कापत होता की कडी सापडेना. वहिनींनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं आणि खुर्चीत बसवलं. रेडिओ बंद केला.

बाहेर बोलणं थांबलं. पायरीपाशी.

मग दातवाल्यांच्याच आवाजात, पण त्यांनी त्या अंगणात कधीच न बोललेलं एक वाक्य आलं. त्यात शीळ नव्हती.

“दार उघडंच दिसतंय.”

“हो ना,” वहिनींचा आवाज म्हणाला. “अहो, कोणी आहे का घरात?”

दातवाल्यांचे ओठ आपोआप उघडले. कोणी हाक मारली की ओ द्यायची, ही जन्मभराची सवय. टेबलावरून वहिनींचा हात पुढं आला आणि त्यांच्या तोंडावर घट्ट बसला. तो हात उबदार होता, त्याला भाजीचा वास होता, आणि तो कापत नव्हता. दातवाल्यांनी आपले दोन्ही हात त्याच्यावर ठेवले.

दोघं तशीच बसून राहिली. कोणी ओ दिली नाही.

 मग पायरीवरची वेताची खुर्ची करकरली. कोणाची वाट बघायला माणूस निवांत बसतो, तशी.

आणि थोड्या वेळानं, तिच्या शेजारी, पायरीवर आणखी कोणीतरी टेकलं.